ट्रॅकवर चौथ्या फेरीनंतर ब्रेक पेडल मऊ का पडते?

प्रश्न : माझी टर्बो पेट्रोल हॅचबॅक मी रोज वापरतो आणि अधूनमधून ट्रॅकवरही नेतो. तिथे चौथ्या फेरीनंतर ब्रेकचे पेडल मऊ पडून खोल जाते, मात्र गाडी थंड झाल्यावर ते पूर्ववत होते. मोठे ब्रेक बसवावेत का?

उत्तर १ : त्याआधी ब्रेक ऑइल बदलून पाहा. ते हवेतील ओलावा शोषते; डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण ओलावा मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो, आणि मग कॅलिपरमध्ये (चाकाजवळ ब्रेक पॅड चकतीवर दाबणाऱ्या भागात) वाफेचे बुडबुडे होऊन पायाचा जोर ती वाफ दाबण्यातच खर्च होतो. डॉट ५.१ चालेल; डॉट ५ मात्र सिलिकॉनचे असते, ते मुळीच मिसळू नका.

उत्तर २ : सहमत आहे. पेडल कडक राहूनही गाडी थांबत नसती, तर मी पॅडवर (चकतीवर घासणाऱ्या पट्ट्यांवर) संशय घेतला असता. शेवटची फेरी सावकाश मारून ब्रेक थंड होऊ द्या आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक न ओढता ती गिअरमध्ये ठेवा.

प्रश्नकर्ता : ऑइल तीन वर्षांपूर्वीचे आहे, हे आत्ताच नोंदवहीत पाहिले. आधी तेच बदलतो.