अमेरिकेतील कृष्णवर्णीय वस्त्या : प्रतिनिधी निवडून आले, मग गुंतवणूक का आली नाही?

अनुराधा_प्र

नमस्कार. आमच्या अभ्यासगटासाठी मी अमेरिकेतील कृष्णवर्णीय नागरिकांच्या स्थानिक राजकारणावर एक टिपण तयार करीत आहे आणि एका प्रश्नापाशी अडले आहे. १९६५ मध्ये वंशावरून मताधिकार नाकारण्यास बंदी घालणारा मतदान हक्क कायदा झाला. त्यानंतर आठ वर्षांतच, १९७३ मध्ये, अटलांटात मेनार्ड जॅक्सन आणि डेट्रॉइटमध्ये कोलमन यंग महापौर म्हणून निवडून आले. पुढे १९८३ मध्ये शिकागोत हॅरल्ड वॉशिंग्टन आले. तरीही याच शहरांतील कित्येक कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये त्यानंतरची अनेक वर्षे ओसाड भूखंड, बंद पडलेली दुकाने आणि कर्ज नाकारणाऱ्या बँका हेच चित्र राहिले. राखीव जागांची तरतूद नसलेल्या देशात इतक्या कष्टाने मिळवलेले प्रतिनिधित्व वस्तीतल्या पैशापर्यंत का पोहोचत नाही? आणि एखाद्या लहानशा स्थानिक संघटनेने आपली मोजकी ताकद निवडणुकीवर लावावी की थेट गुंतवणुकीच्या मागणीवर? ज्यांनी यावर वाचले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

नगरवाचक

अनुराधाताई, महापौरपद जिंकले म्हणजे शहराची तिजोरी हाती आली असे होत नाही. शिकागोच्या १९८३ ते १९८६ या काळात ही गोष्ट जितकी उघडपणे दिसते, तितकी क्वचितच दुसरीकडे दिसेल.

१९८२ मध्ये तिथल्या चर्चमंडळांनी, कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या रेडिओ केंद्रांनी आणि सरकारी मदतीच्या कार्यालयांत रांगेत उभ्या असलेल्या लोकांची नावे नोंदवून घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी मिळून एक लाखाहून अधिक नवे मतदार यादीत आणले. वॉशिंग्टन तेव्हा अमेरिकी काँग्रेसचे सदस्य होते आणि आधी नोंदणी करून दाखवा, उमेदवारीचे नंतर बोलू, अशी त्यांची भूमिका होती. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो, कारण विजयानंतर त्यांच्यामागे जे लोक उभे राहिले ते प्रचारापुरते गोळा झालेले नव्हते.

निवडून आल्यावर मात्र पन्नास जणांच्या सभागृहात २९ नगरसेवक त्यांच्या विरोधात एकवटले. समित्यांची अध्यक्षपदे त्यांनी आपसांत वाटून घेतली आणि महापौरांच्या नेमणुका वर्षानुवर्षे अडकवून ठेवल्या. महापौरांचा नकाराधिकार मोडून काढायला ३४ मते लागत आणि तेवढी विरोधकांकडे नव्हती. त्यामुळे दोन्ही बाजू एकमेकांना अडवू शकत होत्या, पण वस्त्यांसाठी नवे काही मंजूर करून घेणे महापौरांना जड जात होते. ही कोंडी भाषणांनी फुटली नाही. १९८० च्या जनगणनेनंतर आखलेल्या वॉर्डरचनेने कृष्णवर्णीय आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) मतदारांच्या मतांचे वजन कमी केले आहे, हा दावा घेऊन नागरिक संघराज्याच्या न्यायालयात गेले, तो टिकला, आणि १९८६ मध्ये सात वॉर्डांत नव्या सीमांनुसार विशेष निवडणुका झाल्या. सभागृह २५ विरुद्ध २५ झाले आणि बरोबरीच्या वेळी निर्णायक मत महापौरांचे ठरले.

पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९८७ मध्ये, वॉशिंग्टन यांचे निधन झाले. म्हणजे सभागृहाची साथ त्यांना जेमतेम दीड वर्ष मिळाली. पाच दशकांची उपेक्षा तेवढ्या अवधीत भरून निघाली नाही म्हणून प्रतिनिधित्वालाच निरुपयोगी ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

अर्थविचार

वरील विवेचनाला एक पुरवणी जोडतो, कारण वस्तीत येणारा किंवा न येणारा बहुतांश पैसा महापालिकेचा नसतोच. तो बँकांचा असतो.

१९३३ मध्ये स्थापन झालेल्या संघराज्याच्या गृहकर्ज महामंडळाने त्या दशकात दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे करवून घेतले आणि वस्त्यांना चार श्रेणी दिल्या. सर्वांत खालची श्रेणी लाल रंगाची, म्हणजे कर्ज देण्यास धोकादायक. या नकाशांसोबतचे छापील तक्ते पाहिले की अंगावर काटा येतो. इमारतींचे वय आणि भाड्याची रक्कम यांच्याच ओळीत कृष्णवर्णीय रहिवाशांचे प्रमाण विचारणारा रकाना आहे, आणि वस्तीत कोणाची घुसखोरी चालू आहे हे नोंदवण्यासाठी आणखी एक.

याला उत्तर मिळाले तेही वस्त्यांतूनच. शिकागोच्या गेल सिन्कोटा यांच्यासारख्या गृहिणींनी आणि त्यांच्या शेजारच्या कृष्णवर्णीय, लॅटिनो व गोऱ्या रहिवाशांनी लावून धरल्यामुळे १९७५ मध्ये बँकांनी गृहकर्जे कोणत्या भागात दिली हे जाहीर करण्याचा कायदा झाला, आणि १९७७ मध्ये समाज पुनर्गुंतवणूक कायदा आला. ज्या परिसरातून ठेवी घेतल्या जातात, त्या परिसराच्या, त्यातही अल्प व मध्यम उत्पन्नाच्या वस्त्यांच्या, कर्जाच्या गरजा बँक कितपत भागवते याची तपासणी आता नियामक करतात आणि बँकेला श्रेणी देतात. दोन बँकांचे विलीनीकरण ठरले की ही श्रेणी विचारात घेतली जाते आणि नागरिकांना लेखी हरकती नोंदवता येतात. अनेक संघटनांनी नेमका हाच क्षण साधून कर्जवाटपाचे करार पदरात पाडून घेतले आहेत.

या कायद्याची मोठी उणीव अशी की त्यात मोजमाप उत्पन्नाचे आहे, वंशाचे नाही. ज्या नकाशांनी वंश पाहून दारे बंद केली, त्यांवरचा उपाय वंशाकडे पाहतच नाही, आणि ही गोष्ट तुमच्या टिपणात यायलाच हवी.

मिशिगनकर

बॉस्टनच्या रॉक्सबरी भागातील डडली स्ट्रीट नेबरहूड इनिशिएटिव्ह या संस्थेचा इतिहास जरूर पाहावा. माझ्या मते तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिथे अधिक नेमके सापडते.

१९८० च्या सुमारास त्या परिसरात घरे जाळण्याचे प्रकार होत होते, मोकळ्या भूखंडांवर शहरभरातील कचरा रात्री आणून टाकला जात होता आणि सुमारे १,३०० भूखंड ओसाड पडले होते. १९८४ मध्ये एका धर्मादाय प्रतिष्ठानाने मदतीची तयारी दाखवली. पण पुढच्या वर्षी जाहीर सभेत योजना मांडली गेली, तेव्हा नियामक मंडळातील थोड्याच जागा रहिवाशांसाठी ठेवल्याचे लोकांच्या लक्षात आले. लोक उभे राहिले आणि तुमच्यापैकी किती जण इथे राहतात, असे त्यांनी विचारले. अखेरीस मंडळाची रचना बदलली, बहुमत रहिवाशांचे झाले आणि कृष्णवर्णीय, लॅटिनो, केप व्हर्डियन (केप व्हर्डे बेटांवरून आलेल्या) व गोऱ्या रहिवाशांना मंडळावर समसमान जागा मिळाल्या. सुरुवात मात्र त्यांनी बेकायदा कचरा थांबवण्याच्या मोहिमेने केली, कारण ती प्रत्येकाच्या दारातली अडचण होती.

१९८८ मध्ये शहराच्या पुनर्विकास प्राधिकरणाने या संस्थेला ठरावीक क्षेत्रातील ओसाड खासगी जमीन संपादन करण्याचा अधिकार दिला. नागरिकांच्या संघटनेच्या हाती असा अधिकार येणे ही अमेरिकेत अत्यंत दुर्मीळ गोष्ट आहे. त्या जमिनी सामुदायिक भू-न्यासाकडे गेल्या: घर कुटुंबाचे, खालची जमीन न्यासाची. त्यामुळे परिसरातील भाव वाढले तरी घर पुढच्या कुटुंबालाही परवडेल अशा किमतीतच विकावे लागते. गुंतवणूक आली आणि मूळ रहिवासी हुसकले गेले, असे जे इतरत्र वारंवार घडते, त्याला इथे कागदोपत्री पक्का बांध घातला गेला.

अनुराधा_प्र

आपण सर्वांनी इतके तपशीलवार लिहिलेत, मनापासून आभार. नगरवाचक, एक शंका राहते. जिथे कृष्णवर्णीय नागरिकांची संख्या मुळातच बहुमतात आहे, तिथेही ते सभागृहात तुरळक का दिसतात?

नगरवाचक

मिसुरी राज्यातील फर्ग्युसनचे उदाहरण घ्या. लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे दोन तृतीयांश. पण ऑगस्ट २०१४ मध्ये मायकेल ब्राऊन या तरुणाचा पोलिसाच्या गोळीने मृत्यू झाला, तेव्हा सहा जणांच्या नगर सभागृहात कृष्णवर्णीय सदस्य एकच होता. कारणे अगदी रुक्ष आहेत. नगराच्या निवडणुका एप्रिल महिन्यात होतात, त्या दिवशी अध्यक्ष किंवा गव्हर्नर निवडायचा नसतो, आणि मतदान अत्यल्प होते. शिवाय अनेकांना भाड्याचे घर बदलल्यामुळे पत्ता बदलावा लागतो आणि नोंदणी पुन्हा करावी लागते. एप्रिल २०१५ मध्ये दारोदार फिरून मतदान दुपटीहून अधिक वाढवले गेले आणि कृष्णवर्णीय सदस्य तीन झाले. २०२० मध्ये त्यांच्यापैकीच एला जोन्स महापौर झाल्या.

तिथल्या शाळा मंडळाचा लढा वेगळ्या वाटेने गेला. मंडळाच्या सातही जागा संपूर्ण क्षेत्रातून निवडल्या जात असल्याने गोऱ्या मतदारांच्या संघटित गटाचाच वरचष्मा राहत असे. २०१६ मध्ये न्यायालयाने ही पद्धत मतदान हक्क कायद्याशी विसंगत ठरवली, आणि आता मतदार (त्याला जितक्या जागा तितकी मते असतात) आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देऊ शकतो.

तुमच्या अभ्यासगटाला प्रत्यक्ष काही पाहायचे असेल, तर एखाद्या शहराचा वार्षिक सामुदायिक विकास अनुदानाचा आराखडा उघडा. हे अनुदान संघराज्याचे सरकार १९७४ च्या कायद्यानुसार शहरांना देते. त्यातील किमान ७० टक्के रक्कम अल्प व मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या हितासाठी खर्च व्हावी लागते, वर्षातून निदान दोन जाहीर सुनावण्या घ्याव्या लागतात आणि मसुद्यावर मत देण्यासाठी किमान ३० दिवस मिळतात. कोणत्या वस्तीने लेखी मागणी केली आणि अंतिम आराखड्यात तिच्या वाट्याला काय आले, हे दोन कागद शेजारी ठेवून वाचावे.