डेथ नोटमधला एल: खरा गुप्तहेर, की लेखकाचा लाडोबा?

उंटावरचा_शहाणा:
डेथ नोट ही जपानी अॅनिमे मालिका परवा तिसऱ्यांदा संपवली: वहीत नाव लिहून माणसं मारणारा किरा आणि त्याच्या मागावरचा गुप्तहेर एल. (शेवट माहीत नसेल त्यांनी इथूनच परत फिरा.) पहिल्या वेळी एलने वेड लावलं होतं. आता वाटतं, या माणसाने खरा तपास एकदाच केला, स्वतःऐवजी टीव्हीवर 'एल' म्हणून बसवलेल्या लिंड एल. टेलरच्या प्रसंगात. किराचा पहिला बळी टोकियोतल्या शिंजुकूतला, त्याची बातमी जपानबाहेर गेली नव्हती. म्हणून जगभर प्रक्षेपण असल्याची थाप मारून कार्यक्रम फक्त टोकियोभोवतीच्या कांतो भागात दाखवला. किराने टेलरला मारलं आणि स्वतःचा पत्ता देऊन बसला. तोड नाही! पण पुढे? लाइट यागामी या विद्यार्थ्यावर एकदा संशय बसला की बसला, पुरावा शून्य. आपल्याला लाइटच किरा असल्याचं ठाऊक असतं, म्हणून एल हुशार वाटतो. अनवाणी फिरणं, केकवर जगणं काढून टाका, काय उरतं?

चहाटळ:
उकिडवं बसणं उरतं. नीट बसलं तर म्हणे तर्कशक्ती 40 टक्क्यांनी घटते. माझ्या आजोळी अख्खी आळी उकिडवी बसायची, साधा कोंबडीचोर सापडला नाही कधी.

नीलकांती:
शहाणे, तिसऱ्यांदा पाहूनही रे पेनबरचं कागदी पाकीट निसटलं? एफबीआयची 12 माणसं मेली. त्यातला पेनबर गाडीत चढताना हातात पाकीट होतं, फलाटावर कोसळताना नव्हतं. स्टेशनच्या चित्रीकरणात ते एलने हेरलं. पेनबर ज्या घरांवर पाळत ठेवून होता त्यात यागामींचं घर होतं. याला तपास नाही तर काय म्हणायचं?

आणि लाइट किरा असण्याची शक्यता 5 टक्के, वगैरे एलचे आकडे म्हणजे गणित नव्हे, खडा टाकून पाहणं आहे. विद्यापीठाच्या प्रवेश समारंभात तो लाइटला सरळ सांगतो, मी एल आहे. आता लाइटने त्याला मारलं तर संशय थेट लाइटवरच. स्वतःचा जीव गळाला लावणारा दुसरा गुप्तहेर दाखवा.

उंटावरचा_शहाणा:
पाकिटाचं मान्य, विसरलो होतो. पण खडे टाकून कबुली मिळाली का? नाही. 25व्या भागात गेलाच ना बिचारा.

मिरजेची_मावशी:
अरे बाळांनो, हुशारीचं राहू द्या. टेलर हा फाशीची शिक्षा झालेला कैदी, त्याला मरायला पुढे बसवलं. यागामींच्या घरभर कॅमेरे लावले, तिथे आई आणि शाळकरी मुलगी राहते. वर लाइटला पन्नासहून जास्त दिवस कोंडलं. खऱ्या पोलिसांनी असं केलं असतं तर तुम्हीच बोंब ठोकली असती.

नीलकांती:
मावशी, लाइटने कोंडून घ्यायला स्वतःच सांगितलं होतं हो, तो त्याचाच डाव! बाकीचं खरं आहे. किरा पोरकट आहे आणि त्याला हार सोसत नाही, हे मला कळतं कारण मीही तसाच आहे, असं एल स्वतःच म्हणतो. तो न्यायासाठी नाही, जिंकण्यासाठी खेळतो. मला तो आवडतो तो त्यामुळेच.

राहिला 25वा भाग. तिथे त्याला लाइटच्या बुद्धीने नाही, रेम या मृत्युदेवतेने मारलं, दुसरी किरा असलेल्या मिसाला वाचवायला. 2006च्या चित्रपटाचा दुसरा भाग पाहिलात का? त्यात एल आधीच स्वतःचं नाव वहीत लिहून 23 दिवसांनंतरचं मरण ठरवून ठेवतो. मग रेमने नाव लिहिलं तरी फुकट. लाइट सगळ्यांसमोर पकडला जातो.

उंटावरचा_शहाणा:
पाहिला नाही. आज रात्री बघतो. मत बदलण्याची शक्यता 5 टक्के.