'शेहेराजाद' (१९१०) बॅलेच्या धर्तीचे आठ पोशाख: कापड कोणतं, बेतायचं कसं?

नृत्यवर्ग_सात_रस्ता
एप्रिलमध्ये सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात बारा मिनिटांचं समूहनृत्य आहे. विषय रशियन बॅले: द्यागिलेवची मंडळी, लेओन बाक्स्टचे पोशाख. आठ मुली. फुगीर विजार, आखूड चोळी आणि वरून तारेचा घेर असलेला अंगरखा असं डोक्यात आहे. टुटू (बॅलेचा थरांचा फुगीर घागरा) लागेल का? विजार कशी बेतावी म्हणजे पाय कमरेच्या वर जाईल? शिंपी ब्रोकेडच घ्या म्हणतोय, ते बरोबर आहे का? माणशी दीड हजारांच्या वर जायचं नाही.

तिसरी_घंटा
टुटू अजिबात नको. 'शेहेराजाद'च्या आधी बॅलेची कथा इजिप्तची असो की स्पेनची, नायिका बहुधा कॉर्सेट (कंबर आवळणारी कडक चोळी) आणि टार्लटनच्या (ताठ, विरळ सुती कापडाच्या) थरांतच असायची. वर थोडी त्या देशाची नक्षी डकवली की झालं. 'शेहेराजाद'चं नृत्य बसवणाऱ्या फोकीनला नेमकं हेच खटकत होतं. 'शेहेराजाद'च्या जनान्यात म्हणूनच विजारी आल्या.

एक सरमिसळ मात्र दुरुस्त करा. तारेच्या घेराचा अंगरखा बाक्स्टचा नव्हे, तो पॅरिसचा फॅशनकार पॉल प्वारे याचा. २४ जून १९११ ला त्याने 'एक हजार दुसरी रात्र' नावाची मेजवानी दिली, तिथे त्याच्या बायकोच्या अंगावर तो होता. बॅलेमुळे कॉर्सेट गेला असं सर्रास लिहितात, तेही अर्धंच खरं. कॉर्सेटशिवायचे उंच कमरेचे झगे प्वारेने १९०६ च्या सुमारासच काढले होते, म्हणजे १९०९ च्या पहिल्या रशियन हंगामाच्या आधी. बाक्स्टचं ऋण त्याने कधी मानलं नाही. कापडाच्या कापाबद्दल त्याचं म्हणणं पटतं. पाचूचा हिरवा आणि नारिंगी शेजारी शेजारी आणण्याबद्दल मला पटत नाही.

नेफा_नाडी
विजारीचं सांगतो. कमर ते घोटा ९५ सेंमी धरा. फुग्यासाठी १८ आणि नेफ्याला ५ मिळवा, झाले ११८. पन्हा ११० चा असेल तर एका पायाला अख्खा पन्हा. कळ्या (शिवणीत जोडायचे तुकडे) आणि पट्ट्या धरून एका विजारीला २.७५ मीटर. मोहरी (विजारीच्या पायाचं खालचं तोंड) चुण्या घालून २६ सेंमीच्या पट्टीत बसवा आणि पट्टीला हुक लावा. इलॅस्टिक उडी मारताना पोटरीवर चढतं, मग सगळा फुगा गुडघ्याशी गोळा होतो.

खरी चूक आसनात, म्हणजे विजारीचे दोन्ही पाय जुळतात तिथे होते. चित्रात विजार ढगळ दिसते म्हणून शिंपी आसन १५-२० सेंमी खाली सोडतो. पाय बाजूला उचलला की दुसरा पायही ओढला जातो, नाहीतर शिवण उसवते. आसन अंगापासून ३ सेंमीच खाली ठेवा, तिथे १२ बाय १२ ची चौकोनी कळी घाला आणि ढगळपणा सगळा बाहेरच्या बाजूला द्या. चोळीच्या काखेतही ९ बाय ९ ची कळी हवीच, नाहीतर हात वर केला की चोळी वर सरकते.

पूर्व भागात युनिफॉर्मवाल्यांकडे जॉबवर्कला देणार असाल तर सुई बदलून घ्यायला सांगा. जाड ड्रिलसाठी १६ नंबर लावलेली असते, तिने मलमलीला भोकं पडतात. ११ नंबर, टाका २ मिमी, आसनाला दुहेरी शिवण.

रंगपेटी
ब्रोकेड नको. बाक्स्टच्या पोशाखांत रेशीम होतं, जरही होती, पण नक्षी पुष्कळदा रंगवलेली, स्टेन्सिलने छापलेली किंवा वरून कापड जोडून केलेली. नक्षी मोठी, कडा ठळक. ब्रोकेडची बारीक बुट्टी पंधराव्या रांगेतून नुसती धूळ दिसते, वर ते कापड ताठ. आणि एप्रिलमध्ये सोलापुरात! १९१३ च्या 'राइट ऑफ स्प्रिंग' या द्यागिलेवच्याच बॅलेत चित्रकार रोरिकने नर्तकांना लोकरी पोशाख दिले होते, ती चूक पुन्हा कशाला?

सुती मलमल घ्या. आधी रात्रभर भिजवून धुवा: एक तर ती आटते, आणि खळ राहिली तर रंग आत न मुरता वर पापुद्रा धरतो. जुन्या एक्स-रे फिल्मचं स्टेन्सिल कापा, आकृती ८ ते १२ सेंमी. फॅब्रिक कलर स्पंजने टिपून लावा. ब्रशने ओढला की स्टेन्सिलखाली पसरतो. एक दिवस सुकवून उलट्या बाजूने इस्त्री करा. भिंतीचा ॲक्रिलिक वापरू नका, घडीवर तडकतो.

मणी एकाच सलग दोऱ्यात ओवू नका. दोरा तुटला तर सगळे रंगमंचावर सांडतील आणि कुणीतरी घसरेल. प्रत्येक मण्यामागे गाठ. नुसता गोंद घामाने सुटतो.

प्रकाशवाल्याशी आधीच बोला. निळ्या प्रकाशात नारिंगी काळपट पडतो, सगळी मेहनत वाया.

नृत्यवर्ग_सात_रस्ता
मलमल नक्की. आता तारेच्या घेराचं काय करू? आणि चादरी वापरता येतील का?

नेफा_नाडी
तार नको. एकदा वाकली की तशीच राहते, टोकं टोचतात. टॉवेलच्या गठ्ठ्यांना बांधतात ती प्लॅस्टिकची पट्टी दुहेरी करा, घेर १५० सेंमी, टोकं ५ सेंमी एकमेकांवर घेऊन चिकटपट्टीने गुंडाळा आणि अंगरख्याच्या खालच्या दुमडीत सरकवा. दाबली तरी परत गोल होते. पण पाय वर गेला की घेर कलंडतो, तेव्हा ज्या मुलींना नुसतं चालायचं आहे त्यांनाच द्या.

तिसरी_घंटा
चादरी अंगावर नकोत, बैठकीवर टाका. नेपथ्यात तक्के आणि गालिचे लागतातच. आपल्या जेकार्ड चादरीची भौमितिक नक्षी लांबून चांगली उठते. फक्त मुली नाचतात तिथे अंथरू नका, पायाखाली सरकते.