‘पिल्लू’ की ‘तलग’? टेकडीवरच्या फेरीतून निघालेली शब्दचर्चा

टेकडीफेरी

पाडव्यानंतरचा दुसरा रविवार, सकाळी साडेसहा, वेताळ टेकडी. गिरिपुष्पाचा बहर सरलेला, पायवाटेच्या कडेला फिकट गुलाबी पाकळ्यांचा नुसता कचरा. खाणीच्या वरच्या अंगाला पोचलो तर दोन टिटव्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागल्या. टिटवी अशी अंगावर आली की पाऊल आहे तिथेच थांबवायचं, हे आता सवयीने कळतं. थांबलो. पाचेक मिनिटं खडीशिवाय काही दिसेना. मग त्या खडीतल्याच एका खड्याने डोळा मिचकावला.

लिंबाएवढा जीव, मानेभोवती पांढरा पट्टा, पाय मात्र उसने आणल्यासारखे लांब. आई ओरडतेय तोवर जमिनीला चिकटून होतं. मी दहा पावलं मागे सरलो, टिटवी गप्प झाली आणि ते टुणटुण पळत सुटलं.

परतताना खालच्या वळणावर बुलबुलाचं एक पिल्लू दिसलं. जमिनीवरच, वाळक्या पानांत. शेपटीच्या जागी नुसतं टोक, चोचीच्या कोपऱ्यांना पिवळी किनार, अंग फुगवलेलं. वर फांदीवर आई चोचीत अळी धरून बसलेली.

दोन्ही फोटो घरच्या गटावर टाकले आणि दोन्हींखाली ‘पिल्लू’ लिहिलं. भाचीचा लगेच प्रश्न: “मामा, एक अंड्यातून निघाल्या दिवशी पळतं. दुसरं दोन आठवडे घरट्यात बसून आयतं खातं. दोघांना एकच शब्द? गायीचं वासरू, शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, घोडीचं शिंगरू, म्हशीचं रेडकू, हरणाचं पाडस. पक्ष्यांनीच काय घोडं मारलंय?”

उत्तर सुचलं नाही, म्हणून इथे आलो. घरट्यातलं उघडंवाघडं पिल्लू आणि घरटं सोडलेलं पण अजून धड न उडणारं पिल्लू, यांना मराठीत वेगळे शब्द आहेत का?

बाराखडी

भाचीला शाबासकी द्या. तिच्या यादीतच अर्धं उत्तर आहे. हरीण सोडलं तर बाकी सगळी गोठ्यातली नाहीतर वाड्यावरची. ज्याचं दूध काढायचं, लोकर कातरायची, ज्यावर बसायचं, त्याच्या पोराला वेगळं नाव मिळालं. बुलबुल कुणी दावणीला बांधला नाही.

जाता जाता, वासरूतलं ‘रू’ हे ‘रूप’ आहे. वत्सरूप – वासरू, गोरूप – गोरू. ‘पाखरू’ त्याच साच्यातलं. म्हणजे घडणीने पाहिलं तर पाखरू हे पक्ष्याचं लाडकं, लहान रूप. पण वापरात पाखरू म्हणजे कुठलाही छोटा पक्षी. ज्वारीवर पाखरं पडतात ती सगळी मोठी, खाऊनपिऊन तयार असतात. तेव्हा पाखरू इथे कामाचं नाही.

खुराडा

कोण म्हणतं वेगळा शब्द नाही? आमच्याकडे पन्नास कोंबड्या आहेत. कोंबडी खुडूक झाली की रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवतो. एकविसाव्या दिवशी निघतं ते पिल्लू. ते वाढलं, पिसं भरली, पण अजून अंड्यावर आली नाही, ती तलंग. अंड्यावर आली की कोंबडी. गावात पोराटोरांनाही माहीत असतं. जिल्हा परिषदेच्या योजनेच्या जाहिराती बघा, ‘तलंगा गट’ असाच शब्द छापतात, त्याच्या शेजारी ‘एक दिवसाची पिल्ले’ वेगळी.

टेकडीफेरी

खुराडादादा, तलंग शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. पुण्यात वाढल्याची लाज वाटली.

खुराडा

लाज कसली. आम्हाला तुमचं गिरिपुष्प माहीत नव्हतं. शोधून फोटो बघितला तर आमची उंदीरमारी निघाली!

जुनी पोथी

तलंग वाचून मी उठून पोथी काढली. ज्ञानेश्वरीचा पहिला अध्याय, छप्पन्नावी ओवी:

जैसें शारदीचिये चंद्रकळे- । माजि अमृतकण कोंवळे । ते वेंचिती मनें मवाळें । चकोरतलगें ॥

चकोरतलगें. चकोराची पिल्लं. शरदाच्या चांदण्यातले कोवळे अमृतकण चकोराची पिल्लं जशी हळुवार मनाने टिपतात, तशी श्रोत्यांनी ही कथा अनुभवावी, असं पुढच्या ओवीत येतं. शके 1212, म्हणजे 1290 सालची मराठी, आणि त्यात पक्ष्याच्या पिल्लाला सरळ ‘तलग’. शाळेत ही ओवी पाठ केली होती, ‘तलगें’ म्हणजे पिल्लं हा अर्थही वहीत लिहून घेतला होता. खुराड्यात हाच शब्द अजून अंडी देण्याची वाट बघत बसलाय, हे मात्र आज कळलं.

तलग आणि तलंग हा एकच शब्द, असं माझं मत. मध्ये एक अनुस्वार शिरला, एवढंच.

बाराखडी

मत पटतं. पण लिंग बदललंय, तेही बघा. ज्ञानेश्वरीतलं ‘तलगें’ नपुंसकलिंगी अनेकवचन, म्हणजे एकवचन ‘ते तलग’. खुराड्यातली ‘ती तलंग’, अनेकवचन ‘तलंगा’. कोंबड्यांत किंमत मादीला, म्हणून शब्द मादीकडे गेला असावा.

खुराडा

बरोबर. नराला तलंग म्हणालात तर बाजारात हसतील.

नीडस्थ

माझी एक नम्र सूचना. घरट्यात राहणाऱ्या पिल्लांना ‘नीडस्थ’ आणि जन्मतः पळणाऱ्यांना ‘नीडत्यागी’ म्हणावं. नेमके, संस्कृतोद्भव, अभ्यासकांना सोयीचे. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ आणि बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ नाही का रुळले? मारुती चितमपल्लींनी ते शब्द दिले तेव्हा लोक हसलेच असतील.

खुराडा

नीडत्यागी म्हटलं की डोळ्यापुढे भगवी कफनी येते हो. टिटवीचं पोर संन्यास घेऊन चाललंय.

बाराखडी

हसू आलं तरी नीडस्थ यांचा मुद्दा पुरता मोडीत काढू नका. काकागार टिकला, कारण त्या गोष्टीला दुसरा सुटसुटीत शब्दच नव्हता. कावळ्यांची वसाहत म्हणजे दोन शब्दांची गाडी. इथे ‘पिल्लू’ आधीपासून खुर्चीवर बसलंय, त्याला उठवणं अवघड.

शिवाय अमरकोश, तो जुना संस्कृत शब्दकोश, उघडा. सिंहादिवर्गात अंडं आणि घरटं यांची नावं दिल्यावर लगेच पुढची ओळ आहे: पोतः पाकोऽर्भको डिम्भः पृथुकः शावकः शिशुः. सात शब्द, आणि ते आलेत घरट्याच्या पाठोपाठ. ‘शावक’ म्हणजे वाघबिबट्याचंच, हा आपला समज वर्तमानपत्रांनी पक्का केलाय. याच ‘शाव’चं प्राकृतात ‘छाव’ झालं. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात श-षचा छ होणारे जे शब्द नोंदवले, त्यांत षट् आणि शमीच्या पंगतीला शावही आहे. आणि छाव वरून आपला ‘छावा’. आता बुलबुलाच्या त्या फुगलेल्या गोळ्याला छावा म्हणून बघा.

टेकडीफेरी

भाचीला सांगितलं. ती दिवसभर ‘बुलबुलाचा छावा’ म्हणत फिरतेय.

मांडवीकाठ

आमच्या कोंकणीत पक्ष्याच्या पिल्लाला ‘पील’, अनेकवचन ‘पिलां’. कोंबयेचीं पिलां. तुमच्या ‘पिल्लू’मधला तो जोडाक्षराचा ठोका आम्ही देत नाही. आणि जुन्या मराठीतही नव्हता ना? नामदेवांचा अभंग आठवा, ‘पक्षिणी प्रभातीं चारियासी जाये । पिलीं वाट पाहे उपवासी’.

केळीबाग

पील? आमच्या जळगावात पील म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणारा कोंब. लोक मुनवाही म्हणतात. पहिला घड काढल्यावर त्याच कोंबावर धरलेल्या बागेला ‘पीलबाग’. पिलं वेळेवर कापली नाहीत तर आईचा घड बारीक पडतो. आता लक्षात आलं की आम्हीही ‘आई’ आणि ‘पील’ म्हणतोय, झाडाबद्दल!

तंजावरकर

नमस्कार. घरात तंजावरी मराठी, शाळा तमिळ. माझं शुद्धलेखन सांभाळून घ्या.

हा धागा वाचताना गंमत वाटत होती, कारण तमिळमध्ये ‘पिळ्ळै’ म्हणजे आज माणसाचं मूल. पण तोल्काप्पियम हे उपलब्ध तमिळ व्याकरणांतलं सगळ्यात जुनं. त्याच्या मरबियल या प्रकरणाची सुरुवातच कुणाच्या पिल्लाला काय म्हणावं, इथून होते. नऊ शब्द दिलेत आणि मग कुठला कुणाला लावायचा ते सांगितलंय. त्यात एक सूत्र असं, की ‘पार्प्पु’ आणि ‘पिळ्ळै’ ही उडणाऱ्यांच्या बाल्याची नावं. म्हणजे तिथे पिळ्ळै हा पक्ष्याच्या पिल्लाचा शब्द म्हणून नेमून दिलेला आहे! पोपटाला आम्ही अजून ‘किळिप्पिळ्ळै’ म्हणतो. आणि केळीबाग यांच्यासाठी: नारळाच्या रोपाला ‘तेन्नम्पिळ्ळै’.

तेलुगूत ‘पिल्ल’ म्हणजे मुलगी, आणि मांजराकोंबडीचं पिल्लूही.

बाराखडी

तंजावरकर, तुमचं शुद्धलेखन आमच्यापेक्षा बरं आहे.

एरवी दोन शब्द सारखे ऐकू आले म्हणून नातं जोडणाऱ्यांशी मी भांडतो. पण इथे नुसता आवाज जुळत नाही, अर्थाचे दोन्ही फाटे जुळतात: पक्ष्याचं पोर आणि झाडाचा कोंब. गोव्यापासून जळगावपर्यंत आणि तिथून तंजावरपर्यंत. पिल्लू दक्षिणेच्या घराण्यातलं, असं मी तरी आता मानतो. मग पक्ष्याला वेगळा शब्द नाही ही भाचीची तक्रार उलटी करावी लागेल. पिल्लू मुळात पाखराचंच असेल आणि कुत्र्यामांजरांनी ते नंतर पळवलं असेल.

पोळी-भाजी

आणि माणसांनी. आमच्या ऑफिसात एकजण रोज पिल्लू सोडतो, ‘यंदा बोनस नाही’. बाकीचे दिवसभर ते पिल्लू सांभाळतात.

टेकडीफेरी

भरपूर मिळालं, पण माझा मूळ प्रश्न जमिनीवरच बसलाय. घरटं सोडलेल्या पिल्लाचं काय? ते मी का धरून बसलोय, तेही सांगतो.

दोन वर्षांपूर्वी सोसायटीच्या कुंपणाशी असंच एक बुलबुल दिसलं. वॉचमन म्हणाला, “साहेब, पिल्लू पडलंय.” पडलंय म्हटल्यावर उचलणं आलंच. बुटाच्या खोक्यात कापूस घातला, ड्रॉपरने पाणी पाजलं, भिजवलेली बिस्किटं चारली. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेलं. त्या तीन दिवसांत दोन बुलबुल गॅलरीच्या कठड्यावर येऊन ओरडत होते आणि मला वाटत होतं, नेहमीचेच आहेत.

ते पडलं नव्हतं. बुलबुलाची पिल्लं धड उडता येण्याआधीच घरट्यातून बाहेर येतात. शेपूट अर्धवट, झेप दोन हाताची. काही दिवस झुडपांत, जमिनीवर वावरतात आणि आईबाप तिथे येऊन भरवतात. मी त्याला त्याच्या आईबापांसमोर पळवून नेलं. आणि ते सगळं एका क्रियापदापायी. ‘पडलंय’.

जुनी पोथी

वाईट वाटलं वाचून. पण क्रियापदाकडे बोट दाखवलंत ते अगदी खरं. मला वाटतं आपण नाम शोधतोय तिथेच चुकतंय. मराठी ही पायरी नामात सांगतच नाही, क्रियापदात सांगते. अंडी फुटली. पिल्लं निघाली. डोळे उघडले. पंख फुटले. ‘पंख फुटले’ हे तर आपण कॉलेजला गेलेल्या पोरांना टोमणा म्हणून वापरतो. अडचण एवढीच की पंख फुटणं आणि उडून जाणं, यांच्या मधल्या आठवड्याला शब्द नाही. नेमक्या त्या आठवड्यात आपण ‘पडलं’ म्हणतो.

मांडवीकाठ

‘उतरलं’ म्हणा की. पिल्लू उतरलं. झाडावरून माणूस उतरतो तसं, स्वतःहून.

टेकडीफेरी

उतरलं! हे फार आवडलं.

पोळी-भाजी

पण खरंच पडलेलं असेल तर? वादळात घरटंच खाली आलं तर? दोन्हींत फरक कसा करायचा?

टेकडीफेरी

अंगावर पिसं बघायची. उघडं, गुलाबी, डोळे मिटलेलं असेल तर ते पडलेलं. घरटं दिसत असेल तर अलगद परत ठेवायचं. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हे खरं नाही. पिसं भरलेलं, पायावर नीट उभं राहणारं, बोटाजवळ गेलं की टुणकन उडी मारणारं असेल तर ते उतरलेलं. कुत्रंमांजर जवळ असेल तर शेजारच्या झुडपात सरकवायचं आणि लांब जाऊन आईची वाट बघायची. चोचीत पाणी ओतायचं नाही, ते श्वासनळीत जातं. आणि घरी तर न्यायचंच नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपक्षी घरात ठेवता येत नाहीत, ही गोष्ट वेगळीच. जखमी असेल तर वनखात्याला फोन.

टिटवीच्या बाबतीत प्रश्नच येत नाही. ते कधी चढलेलंच नसतं.

खुराडा

मग ठरलं काय? माझी तलंग घेताय की नाही?

बाराखडी

माझं मत: घरट्यातलं ते पिल्लू. उतरलेलं, पिसं भरलेलं, ते तलग. ज्ञानेश्वरीतलं नपुंसकलिंग ठेवायचं, म्हणजे खुराडादादांच्या बाजारात गोंधळ नको. अर्थ थोडा आवळतोय हे कबूल, ज्ञानेश्वरीतलं तलग कुठल्या वयाचं ते ओवी सांगत नाही. पण तुमच्या खुराड्यातला शब्द मधल्याच वयाचा आहे, तो आधार पुरे.

नीडस्थ

माझी हरकत नाही. टिटवीच्या पिल्लासाठी नीडत्यागी मात्र राखून ठेवतो.

टेकडीफेरी

आज सकाळी परत गेलो होतो. त्या वळणावर आवाज आला म्हणून बघितलं, तर तेच असावं. जमिनीपासून पुरुषभर उंचीवर, घाणेरीच्या जाळीत. शेपूट बोटभर वाढलीय. आईने तोंडात काहीतरी कोंबलं आणि ते तसंच तोंड उघडं ठेवून बसून राहिलं.

फोटोखाली लिहिलं, ‘बुलबुलाचं तलग, परवा झाडावरून उतरलेलं.’

भाचीने लगेच बदाम पाठवला. खाली मोठ्या काकूंचा निरोप आला: “अगं बाई, पडलं का? पाणी पाज हो त्याला.”