मदत हवी आहे : एकटी असताना पॉइंट धरणारी कुत्री गटाच्या सरावात पक्ष्यावर झेप घेते

रानझुळूक

नमस्कार. माझी जर्मन वायरहेअर्ड पॉइंटर कुत्री चांदणी माझ्याबरोबर एकटी असते तेव्हा पक्ष्याचा वास लागताच जागच्या जागी थिजते, म्हणजेच पॉइंट धरते. तिची शेपटी ताठ होते, पुढचा एक पाय उचललेलाच राहतो आणि मी तिच्या बाजूला जाऊन उभी राहीपर्यंत ती हलत नाही. दर रविवारी आम्ही सहा-सात मालक आपापली कुत्री घेऊन एकत्र सरावाला जमतो. तेथे मात्र हीच कुत्री जेमतेम दोन क्षण थांबते आणि सरळ पक्ष्यावर झेप घेते. गेले चार रविवार हेच चालले आहे. नाव्हडा या शिकारी कुत्र्यांच्या संघटनेची नैसर्गिक क्षमता चाचणी सात आठवड्यांवर आली आहे आणि आमचे नाव नोंदवून झाले आहे.

'व्हो' म्हटल्यावर थांबायचे हे तिला उत्तम येते. इतर कुत्र्यांच्या सान्निध्यात तिला स्थिर कसे करावे, एवढेच मला विचारायचे आहे. येत्या रविवारी पुन्हा सराव असल्यामुळे कृपया लवकर सुचवावे.

दवाची_वाट

ताई, थोडी माहिती हवी आहे. चांदणीचे वय किती आहे? सरावात पक्षी कोणते असतात आणि ते कसे ठेवले जातात? ती झेप घेते तेव्हा तिला लांब दोर लावलेला असतो का? इतर कुत्री त्या वेळी मोकळी असतात की बांधलेली? हे कळल्याशिवाय दिलेले उत्तर अंदाजाचेच ठरेल.

रानझुळूक

वय अकरा महिने. पक्षी नेहमीचेच. गटात मी दोर लावत नाही, कारण तेथील गवत उंच आहे आणि दोर त्यात अडकतो. इतर कुत्री गाड्यांमधल्या पिंजऱ्यांत असतात, परंतु त्यांचे भुंकणे मैदानापर्यंत स्पष्ट ऐकू येते. माझ्या मते मूळ अडचण तीच आहे. आवाजाने ती उत्तेजित होते.

करडी_शेपटी

मी गेली चौदा वर्षे ही कुत्री पाळतो आणि सध्या माझ्याकडे तिसरी आहे. ज्या कुत्र्याला आज्ञा समजते आणि तरीही ते ती मोडते, त्याच्यासाठी ई-कॉलरसारखे, म्हणजे रिमोटने हलका विजेचा झटका देणाऱ्या गळपट्ट्यासारखे, साधन नाही. सर्वांत खालच्या पातळीपासून सुरुवात करावी आणि कुत्र्याने नुसता कान हलवला की तीच त्याची पातळी समजावी. चांदणीला 'व्हो' येते असे आपणच लिहिले आहे, म्हणजे पाया तयार आहे. गटात ती पाऊल पुढे टाकेल त्याच क्षणी आज्ञा आणि पट्ट्याचा हलका झटका दोन्ही द्यावेत. दोन रविवारांत फरक दिसेल.

पाणकणीस

करडी_शेपटी यांच्या अनुभवाचा मान ठेवूनही मला येथे ठामपणे असहमती नोंदवावी लागते. अकरा महिन्यांच्या कुत्रीचे नाक, डोळे आणि सगळे मन ज्या क्षणी पक्ष्यावर एकवटलेले असते, त्या क्षणी बसलेल्या झटक्याचा संबंध ती आपल्या पावलाशी जोडेल की समोरच्या पक्ष्याशी, हे आपल्या हातात राहत नाही. तो संबंध पक्ष्याशी जुळला, तर कुत्रे पुढे वास लागूनही न लागल्यासारखे करते आणि पक्ष्याला वळसा घालून निघून जाते. उतावीळ कुत्रे स्थिर करता येते. पक्षी टाळू लागलेल्या कुत्र्याला पुन्हा पक्ष्याकडे वळवणे हे कित्येक महिन्यांचे काम असते, आणि कधीकधी ते साधतही नाही.

मी जर्मनीत राहते. या जातींना येथेच घडवले गेले आणि येथे विजेच्या पट्ट्याचा वापर प्राणिसंरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. संघराज्याच्या प्रशासकीय न्यायालयाने २००६ साली तसा स्पष्ट निर्णय दिलेला आहे. तरीही येथील कुत्री वसंतातल्या तरुण कुत्र्यांच्या चाचणीत उत्तम पॉइंट धरतात आणि दिसेनाशा झालेल्या सशाच्या मागावर नाक लावून काम करतात.

करडी_शेपटी

तेथील कायदा तेथे. उत्तर अमेरिकेत अशी सरसकट बंदी नाही. मात्र पक्ष्यासमोर पहिल्यांदाच पट्टा वापरू नये, हे आपले म्हणणे मला मान्य आहे आणि ते मी आधीच लिहायला हवे होते. आधी रिकाम्या अंगणात, पक्ष्याचा मागमूसही नसताना, आज्ञा आणि पट्टा यांचा संबंध पक्का करावा लागतो. माझ्या पहिल्या कुत्र्याच्या बाबतीत मी ती पायरी गाळली होती आणि त्याने वर्षभर कबुतराकडे पाहिले नाही.

मैलदगड

वादात न पडता चाचणीपुरते लिहितो, कारण ताईंची निम्मी चिंता त्यामुळे कमी होईल. नाव्हडा म्हणजे १९६९ साली स्थापन झालेली उत्तर अमेरिकन व्हर्सटाइल हंटिंग डॉग असोसिएशन. तिची नैसर्गिक क्षमता चाचणी सोळा महिन्यांपर्यंतच्या कुत्र्यांसाठी असते आणि तिच्यात शिकवलेल्या आज्ञांपेक्षा उपजत गुण पाहिले जातात : नाक, शोध, पॉइंट, पाण्याची ओढ, मागावर काम करणे, कामाची इच्छा आणि मालकाशी सहकार्य. कमाल गुण ११२ आहेत.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक म्हणजे मैदानात प्रत्येक कुत्रा एकटाच सोडला जातो, दुसरा कुत्रा सोबत नसतो. दुसरी म्हणजे कुत्र्याने खरा पॉइंट दाखवणे अपेक्षित असते. पक्षी उडाल्यावरही जागेवर उभे राहणे या पातळीवर मागितले जात नाही. पक्षी उडताना, गोळी सुटताना आणि पक्षी पडताना अढळ राहणे ही पुढच्या, म्हणजे उपयुक्तता चाचणीची अपेक्षा आहे, आणि दुसऱ्या कुत्र्याच्या पॉइंटचा मान राखून मागे थांबणे हे त्याहून वरच्या निमंत्रितांच्या चाचणीत पाहिले जाते, कारण तेथे कुत्री जोडीने सोडतात.

रानझुळूक

मैलदगड, मनापासून आभार. स्थिरतेविषयीची ही गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. परंतु दोन क्षणांचा थांबा हा पॉइंट धरला जाईल का, ही धास्ती उरतेच. शिवाय चाचणी उरकली की प्रश्न संपला असे नाही. मला ती पुढे कित्येक वर्षे बरोबर हवी आहे.

सुगरण_घरटे

उंच गवताचा उल्लेख वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही. वाळत आलेल्या काही गवतांच्या कुसळांना मागे वळलेले बारीक काटे असतात, त्यामुळे कुसळ एकदा केसांत शिरले की पुढेच सरकते. कान, नाक, डोळा, बोटांमधली कातडी यांतून ते शरीरात आतवर जाते. सराव संपला की प्रत्येक बोटाची बेचकी उघडून पाहावी, कानात डोकावावे, काखा चाचपाव्यात. वायरहेअर्डच्या दाढीत आणि भुवयांत ती हमखास लपतात. कुत्रे एकाएकी डोके झटकू लागले किंवा एकच पाय चाटत बसले, तर थांबून न राहता पशुवैद्यांकडे न्यावे. माझ्या मुन्स्टरलँडर जातीच्या कुत्र्याच्या पंजातून असे कुसळ शस्त्रक्रियेने काढावे लागले होते.

रानझुळूक

ही तपासणी मी आजपासूनच सुरू करीन. माझा मूळ प्रश्न मात्र पॉइंट मोडण्याचा आहे, त्यावर कृपया कोणी सांगावे.

दवाची_वाट

ताई, 'पक्षी नेहमीचेच' याचा अर्थ मला अजून कळलेला नाही. एकटीबरोबर सराव करता तेव्हा कोणता पक्षी असतो आणि रविवारी कोणता? कोण ठेवतो, कशात ठेवतो, किती वाजता? आणि सर्वांत महत्त्वाचे : आजवर एकदा तरी चांदणीच्या तोंडात जिवंत पक्षी आला आहे का?

रानझुळूक

एकटी असताना माझीच पाळलेली घरी परतणारी कबुतरे असतात. ती लाँचरमध्ये, म्हणजे बटण दाबताच उघडून पक्ष्याला वर उडवणाऱ्या पेटीत, ठेवते आणि रिमोट माझ्या हातात असतो. रविवारी पिंजऱ्यात वाढवलेले लावे असतात. ज्यांची पाळी असेल ते सकाळी लवकर येऊन, लाव्याला थोडे गरगरवून, गवतात हाताने ठेवतात.

हो, पहिल्या दोन रविवारी तिने एकेक लावा पकडला होता. गवत दवाने ओले होते आणि लावा उडालाच नाही. तिने तो अलगद माझ्या हातात आणून दिला, म्हणून सर्वांनी तिची पाठ थोपटली आणि मीही थोपटली.

दवाची_वाट

मग इतर कुत्र्यांचे भुंकणे हे कारण नाही, किंवा असले तरी किरकोळ आहे.

चांदणीच्या बाजूने पाहू. कबुतराच्या बाबतीत तिचा अनुभव असा आहे की ते कधीच हाती लागत नाही. ती थांबली तर वास दरवळत राहतो आणि पुढे सरकली तर पक्षी आकाशात जातो. लाव्याच्या बाबतीत तिचा अनुभव नेमका उलटा आहे : पंख ओले, डोके गरगरलेले, झेप घेतली की पक्षी तोंडात आणि वर सगळ्यांकडून शाबासकी. पॉइंट म्हणजे झेपेच्या आधीचा थांबा. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून माणसाने तो लांबवला आहे. झेप यशस्वी होते हे कुत्र्याला एकदा कळले की थांबा आखडत जातो. ती अवज्ञा करत नाही, कोणत्या वासाला कसे वागायचे हे ती अचूक शिकली आहे. दोन पक्ष्यांचा वास वेगळा असतो आणि तिला तो पन्नास फुटांवरूनही कळतो. म्हणूनच ती आपल्याला दोन वेगळ्या कुत्र्यांसारखी दिसते.

येत्या रविवारपासून तिच्यापुरते हाताने ठेवलेले पक्षी पूर्ण बंद करावेत. आपलीच कबुतरे आणि आपलाच लाँचर गटाच्या मैदानावर न्यावा आणि उंच गवत सोडून गुडघ्याखालच्या गवताची पट्टी निवडावी, म्हणजे वीस-पंचवीस फुटांचा दोर लावता येईल. तिला वाऱ्याच्या आडव्या दिशेने न्यावे, म्हणजे वास एकदम नाकावर येईल आणि ती पावलापावलाने पक्ष्याकडे सरकत जाणार नाही. ती थिजली की आपण काहीही बोलू नये. 'व्हो'सुद्धा म्हणू नये. तिने एक पाऊल पुढे टाकले की त्याच क्षणी कबुतर उडवावे. गोळी नाही, रागावणे नाही, दोराचा हिसकाही नाही; दोर फक्त पाठलाग रोखण्यापुरता धरावा. पाऊल टाकले म्हणून पक्षी गेला, हा धडा तिला पक्ष्याकडूनच मिळू द्यावा.

मात्र ती लाँचरला अगदी भिडली असेल तर तो उघडू नये. तोंडाजवळ धातूचा खटका होऊन पक्षी उसळला तर धीट कुत्रेही बिचकते आणि मग पाणकणीस म्हणतात तो पक्षी टाळण्याचा दोष आपल्याच हाताने लागतो. लाँचरची जागा दर वेळी बदलावी आणि एखाद-दुसरा रिकामा लाँचरही ठेवावा, नाहीतर ती लाँचरच्या वासावर किंवा आपल्या पावलांच्या मागावर पॉइंट धरायला शिकते.

करडी_शेपटी

निदान पटले. एक शंका मात्र आहे. लावे कायमचे बंद केले, तर पक्षी तोंडात धरणे आणि आणून देणे हे ती कुठे शिकणार? अलगद आणून देणारी कुत्री हा ठेवा आहे, तो हरवू नये.

दवाची_वाट

त्यासाठी मेलेला, गार झालेला पक्षी वेगळ्या जागी, वेगळ्या वेळी द्यावा. पॉइंट आणि आणून देणे हे दोन धडे सध्या एकमेकांपासून लांब ठेवणेच हिताचे आहे. स्थिरता आली की चपळ उडणाऱ्या पक्ष्यावर दोन्ही जोडता येतील.

पाणकणीस

यात गटाचा उपयोगही करून घ्यावा; एकट्या माणसाला दोर, रिमोट आणि कुत्रीची शेपटी हे तिन्ही सांभाळता येत नाही. रिमोट दुसऱ्या मालकाकडे द्यावा आणि त्याने बाजूने फक्त तिचे पाय पाहावेत. आमच्या गटात हे काम एक आजोबा करतात. त्यांचे बोट कुत्र्याच्या पावलाइतकेच चटकन हलते आणि त्यांनी पाहिलेले मी कितीदा तरी पाहिलेलेच नसते. एकत्र सरावाचा मला सर्वाधिक आनंद यातच वाटतो. दुसऱ्याची कुत्री पाहताना आपली कुत्री कळू लागते.

मैलदगड

पुढे दुसऱ्या कुत्र्याचा पॉइंट मानणे शिकवायचे असेल, तेव्हा पत्र्याची किंवा प्लायवूडची, रंगवलेली कुत्र्याची आकृती वापरावी. ती कधीच पॉइंट मोडत नाही, त्यामुळे शिकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. अर्थात चाचणीपूर्वी त्याची घाई नाही.

रानझुळूक

अकरा दिवसांनी लिहीत आहे. मधल्या रविवारी मी माझी सहा कबुतरे घेऊन गेले आणि रिमोट गटातल्या एका अनुभवी ताईंच्या हातात दिला. पहिल्या दोन्ही वेळा चांदणीने थेट झेप घेण्याचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा कबुतर उडून गेले. तिसऱ्या वेळी ती थांबली, एक पाऊल टाकले, तेही उडाले. चौथ्या वेळी मी मनात वीसपर्यंत मोजले आणि ती हलली नाही. गाड्यांमधून कुत्री भुंकत होती तरीही हलली नाही. पाचव्या वेळी पुन्हा पाऊल पडले. सहाव्या वेळी मी तिच्यासमोरून चालत गेले आणि ताईंनी पक्षी उडवला, तेव्हा ती थरथरत होती, पण चारही पाय जमिनीवर होते.

करडी_शेपटी यांना सांगते की संध्याकाळी गार पक्षी दिला तो तिने पूर्वीसारखाच अलगद आणून दिला. बोटांच्या बेचक्यांत दोन कुसळे सापडली, ती काढली.

दवाची_वाट यांना एक प्रश्न आहे. गटातल्या इतर दोघांची कुत्रीही हाताने ठेवलेल्या लाव्यांवर अशीच झेप घेतात. माझ्याकडे लाँचर एकच आहे आणि कबुतरे सहा. एका सकाळी तीन कुत्र्यांचा सराव करायचा असेल, तर कबुतरे घरी परतेपर्यंत थांबावे, की प्रत्येकीला दोनच पक्षी देऊन थांबवावे?

दवाची_वाट

दोनच द्यावेत, आणि दुसरा चांगला झाला की लगेच पिंजऱ्यात परत न्यावे. कबुतरे त्याच दिवशी पुन्हा उडवू नयेत; दमलेले कबुतर खाली बसते, आणि मग तिसरा लावा झाला असे समजा.