उष्णतेच्या लाटेत एकट्या म्हाताऱ्या माणसांना मेसेज पुरतो, की कुणी दार वाजवायलाच हवं?

उंबरठा (धागाकर्ती):
लाटेचा इशारा आला की फोनवर ठरलेला मजकूर येतो: भरपूर पाणी प्या, दुपारी बाहेर पडू नका. ज्यांच्या जिवाला खरा धोका असतो त्यांना हा मेसेज वाचवत नाही, असं माझं ठाम मत झालंय. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात जून २०२१ च्या लाटेत ६१९ माणसं गेली. त्यातली ९८ टक्के छपराखाली होती आणि निम्म्याहून जास्त एकटी राहत होती. उन्हात ती गेलीच नव्हती.

माझी आई ८१ वर्षांची. मागच्या लाटेत मी रोज फोन करायचे. "पाणी पितेस ना?" "हो गं, पितेय." तिसऱ्या दिवशी न राहवून गेले. खिडक्या बंद, खोलीची भट्टी झालेली आणि आईच्या अंगात स्वेटर. उशाशी मी आदल्या आठवड्यात आणून ठेवलेली पाण्याची बाटली, सीलसुद्धा न तोडलेली. रात्री बाथरूमला उठताना पडायची धास्ती, म्हणून दुपारनंतर ती पाणीच घेत नव्हती. घोट-दोन घोट घेतले की तिच्या लेखी ते "पितेय".

म्हणून म्हणते, एकट्या राहणाऱ्यांची यादी करा आणि लाट असेपर्यंत दिवसातून दोनदा कुणीतरी जाऊन डोळ्यांनी बघा.

सातवा मजला:
साफ असहमत. मी ७६ वर्षांचा, एकटा राहतो. माझं नाव यादीत घालून कुणी सकाळ-संध्याकाळ मला तपासायला येणार, ही कल्पनाच मला सहन होत नाही. वय झालं म्हणजे अक्कल गेली असं नसतं. आणि कुठल्या दारामागे एकटं म्हातारं माणूस आहे, याची तयार यादी चुकीच्या हाती पडली तर? तुमच्या आईंचं वाचून वाईट वाटलं, पण तो प्रश्न मुलीने सोडवायचा आणि तुम्ही तो सोडवलातही.

रात्रपाळी:
मी नर्स आहे. काका, यात अकलेचा प्रश्न येतच नाही. वय वाढतं तशी तहानेची जाणीव बोथट होते, घामही कमी सुटतो. शरीर तापलेलं असतं आणि माणसाला ते कळतच नाही. त्यात लघवी वाढवणारी औषधं, बीटा ब्लॉकर (रक्तदाबावरच्या, हृदयाच्या गोळ्या), मानसिक आजारांवरच्या काही गोळ्या यांनी धोका आणखी वाढतो. (हे वाचून कुणी स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका. लाट यायच्या आधी डॉक्टरांना विचारा.)

पंख्यावर फार विसंबू नका. हवा ४० अंशांच्या वर गेली की कोरड्या अंगावर पंखा गरम झळाच मारतो. अंगावर ओलं फडकं फिरवत राहिलं तर उपयोग होतो. खरी मारामार रात्रीची. रात्रीही खोली निवली नाही तर शरीराला उसंत मिळत नाही, आणि अशा तीन-चार रात्री एकापाठोपाठ आल्या की आमचा वॉर्ड भरतो.

सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे गोंधळ. माणूस असंबद्ध बोलायला लागतं आणि घरचे म्हणतात, वयामुळे होतंय. तसं समजून झोपवू नका. तो उष्माघात असू शकतो. रुग्णवाहिका बोलवा, येईपर्यंत अंग ओलं करून वारा घाला. नीट शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. एकट्या माणसाला "तुम्ही असं का बोलताय?" हे विचारायला कुणी नसतं, म्हणून माझं मत धागाकर्तीच्या बाजूने.

पायपीट:
दारं वाजवत फिरणार कोण? मी हे काम केलंय. रणरणत्या उन्हात, चार-चार जिने चढून. दुसऱ्या दिवशी आमच्यातलीच एक चक्कर येऊन जिन्यात बसली. शिवाय सगळं लक्ष म्हाताऱ्यांवर. गरोदर बायका, तान्ही बाळं, बाहेर राबणारे मजूर यांचं काय? इमारतीच थंड राहतील अशा बांधा, वस्तीजवळ गार खोल्या उघड्या ठेवा.

उंबरठा:
इमारती बदलायला वर्षं लागतील आणि लाट येत्या आठवड्यात येईल. बाकी फिरणाऱ्यांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. फेऱ्या सकाळी लवकर आणि सूर्य कलल्यावर, आणि प्रत्येकाकडे मोजकीच घरं असायला हवीत.

काका, फ्रान्समध्ये ऑगस्ट २००३ च्या लाटेत सुमारे १५,००० माणसं गेली. त्यानंतर २००४ च्या कायद्याने तिथे गावोगावी अशी नोंदवही आली, पण नाव आपल्या इच्छेने घालायचं. अशी चालेल?

सातवा मजला:
इच्छेने असेल तर माझा विरोध बोथट होतो, संपत नाही. त्यापेक्षा शेजाऱ्यांनी आपसात ठरवावं हे मला पटतं. अनोळखी माणसाला मी दार उघडणार नाही. समोरच्याला उघडीन, आणि त्याचं दार मीही वाजवीन.

रात्रपाळी:
समोरचं दार कायम बंद असेल तर? ब्रिटिश कोलंबियातल्या त्या मृतांमध्ये स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार असलेल्यांचं प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या प्रमाणाच्या कितीतरी पट होतं. अशी माणसं, किंवा विस्मरण झालेली, स्वतःहून नाव कुठून देणार?

उंबरठा:
त्यांच्यासाठी जवळच्यांनी किंवा त्यांच्या डॉक्टरांनी नाव द्यायची मुभा हवी.

सातवा मजला:
म्हणजे दुसऱ्या कुणीतरी ठरवायचं. इथेच माझं अडतं. उद्या माझ्याबद्दल ते कोण ठरवणार, हे आधी सांगा.