मदत हवी आहे: डोलोमाइट्स ते प्लिटविसे, शेंगेनच्या दिवसांचं गणित

मंडळी, कोल्हापूरहून आम्ही दोघंच, जूनअखेर ते ऑक्टोबर. इटलीतल्या डोलोमाइट्समधल्या डोंगरावरच्या मुक्कामाच्या झोपड्या साधारण 20 जून ते 20 सप्टेंबरच उघड्या, म्हणून सुरुवात तिथून. मग ट्रिग्लाव (स्लोव्हेनिया), प्लिटविसे (क्रोएशिया). पण शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) 180 दिवसांत 90च मिळतात, आणि 2023 पासून क्रोएशियाही शेंगेनमध्ये. मधे शेंगेनबाहेर मोस्तार-कोटरला (बोस्निया, मॉन्टेनेग्रो) तीन आठवडे काढायचे तर मल्टिपल एंट्री व्हिसाच हवा. सिंगलवर एकदा बाहेर पडलं की परत आत येता येत नाही. (पोचायचा आणि निघायचा, दोन्ही दिवस धरतात!) अर्जाला बोस्नियाचं बुकिंग जोडल्यानं मल्टिपल मिळालेलं कुणी आहे का?

दुसरं, ट्रिग्लावात उघड्यावर तंबूला बंदी, म्हणून शेगडी बोहिनच्या कॅम्पसाइटवरच पेटणार. गॅसचा डबा विमानात चालत नाही. शेगडी आट्यांची (डब्यावर फिरवून बसवायची) आहे. तिथं आट्यांचाच डबा मिळतो, की भोक पाडायचा?